चपड्याचे दोन हात

माणूस जवळून गेला की त्याने डोक्याला कोणतं तेल लावलंय ते मी सांगू शकतो. हा काही मिरवण्यासारखा गुण नाही. पण वाळूजच्या एका कारखान्यात, पेंट शॉपच्या दारात सव्वीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून उभं राहिलं की तो आपोआप अंगात येतो. गाडीच्या रंगाला सिलिकॉनचं वावडं असतं. केसांचं जेल, अंगावरचा सेंट, हाताचं क्रीम, कशातूनही त्याचा कण आत गेला की ओल्या रंगावर बारीक खड्डे पडतात आणि अख्खा दरवाजा पुन्हा घासावा लागतो. म्हणून मी एकेकाला हुंगून आत सोडायचो. लोक पाठीमागे मला काय म्हणायचे ते मला ठाऊक होतं. म्हणेनात का, माझ्या पाळीत खड्डे पडत नव्हते.

निवृत्त झाल्यावर सिडकोतल्या आमच्या घरामागे मी पत्र्याची शेड टाकली आणि गिटारी बनवायला लागलो. पहिल्या तीन गिटारी कुणाला दाखवण्याच्या लायकीच्या नव्हत्या. चौथी जमली. तिची वरची फळी मागवलेल्या स्प्रूस लाकडाची, पाठ आणि बाजू एका जुन्या पलंगाच्या शिसवाच्या. ही चौथी माझ्या मुलीसाठी होती.

हिमानी दोन वर्षं घरी आलेली नव्हती. का, ते सांगून टाकतो. तिने चिन्मय नावाच्या मुलाला एकदा घरी जेवायला आणलं. दोघांनी लग्न करायचं ठरवलं होतं. त्या दिवशी बेसिनपाशी काढून ठेवलेली माझी पुष्कराजाची अंगठी दिसेनाशी झाली, आणि बेसिनवर माझ्यानंतर हात धुवायला तोच गेला होता. मी त्याला सगळ्यांसमोर खिसे रिकामे करायला लावले. त्याने केले. रुमाल, बसचं तिकीट आणि खोकल्याची एक गोळी निघाली. हिमानीने पर्स उचलली आणि दोघं पुण्याला निघून गेली. महिन्याने अंगठी माझ्याच दाढीच्या डब्यात सापडली. मी ते कालिंदीला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं, तिने हिमानीला कळवलं, आणि मी गप्प बसलो. पुढे त्यांनी पुण्यात नोंदणी पद्धतीने लग्न केलं. कालिंदी एकटी जाऊन आली.

माझं चुकलं हे दोन शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. नाही निघत, त्याला काय करणार. पण हाताला लाकूड कळतं, म्हणून मी गिटार करायला घेतली. हिमानी कॉलेजपासून वाजवते. गिटार होतेय हे कालिंदीने तिला फोनवर सांगितलं, तेव्हा ती "दिवाळीला बघते" म्हणाली. दोन वर्षांत तेवढं एकच वाक्य माझ्या वाट्याला आलं होतं. ही गिटार बिघडली तर ती येणार नाही, हे मी मनाशी धरून चाललो होतो.

आता लाकडावर काय लावायचं हा प्रश्न. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, त्याचा थर जाड बसतो आणि आवाज दाबतो, म्हणून तो बाद. तेल दिवसेंदिवस वाळत नाही. नुसतं स्पिरिट पॉलिश दिसतं देखणं, पण वाजवणाऱ्याच्या हाताच्या घामाने चिकट होतं. बराच विचार करून मी ठरवलं की खाली चपडा म्हणजे लाख, आणि वर लॅकर, म्हणजे फवाऱ्याने मारायचा पारदर्शक लेप. ही जोडी जमते, एकाच अटीवर: चपड्यात मेण नको. मेण राहिलं तर वरच्या लेपाच्या पकडीचा भरवसा नाही.

चपडा हाताने चढवणारा माणूस आता सहजी मिळत नाही. मला पुंजाराम मिळाले. सत्तरीचे, मूळचे पिशोरचे. सगळं आयुष्य शहरातल्या शोरूमची आणि साहेब लोकांची फर्निचरं पॉलिश करण्यात गेलं. आठवड्यातले तीन दिवस शहरात भाचीकडे राहून माझ्याकडे यायचे. कापसाच्या बोळ्यावर सुती कापड गुंडाळून ते लाकडावर असा हात फिरवायचे की बोळा कुठे टेकला नि कुठे उचलला ते कळायचं नाही. मी त्यांना पुंजारामभाऊ म्हणायचो, ते मला साहेब. आणि ते केसांना तेल लावायचे. चमेलीचं.

पहिल्या दिवसापासून माझं त्यांच्याकडे लक्ष होतं. चपड्याच्या पापड्या ते घरून स्पिरिटमध्ये भिजवून आणायचे. मेण तळाशी बसलं की वरचं निवळ तेवढं घ्यायचं असतं. ते घेतलं असं त्यांचं म्हणणं, पण घेताना मी कुठे पाहिलं होतं? मी शिसवाच्या चार पट्ट्यांवर त्यांचा चपडा आणि वर माझं लॅकर मारलं, ब्लेडने चौकटी कापल्या, चिकटपट्टी लावून झटक्यात ओढली. एक कपचीही निघाली नाही. पुंजाराम बाजूला उकिडवे बसून हे बघत होते. तपासून झालं का, असं त्यांनी विचारलं. मी झालं म्हणालो, पण वहीत लिहिलं, "तूर्त ठीक".

एक गोष्ट मात्र मनात राहिली. लॅकर त्यांना पसंत नव्हतं. फवाऱ्याचं काम म्हणजे हात नसलेल्या माणसाचं काम, असं ते एकदा कालिंदीजवळ बोलले होते. ते माझ्या कानावर आलं होतं.

नवरात्रात त्यांनी चपड्याचे थर संपवले आणि मी गिटार शेडमध्ये आढ्याला टांगली. खंडेनवमीला आमच्याकडे नेहमीप्रमाणे हत्यारांची पूजा झाली. रंधे, पटाशा, करवती पाटावर मांडून हळद-कुंकू वाहिलं, मोटरसायकल चमकवून तिला हार घातला. पुंजारामही आपला बोळ्याचा डबा पूजेला ठेवायला आले होते. नारळ त्यांच्याच हातून फोडला.

दसरा झाल्यावर मी लॅकरचा पहिला हात मारला. पाच मिनिटं झाली असतील. फळीवर एक खड्डा दिसला, मग दुसरा, मग बघता बघता सगळी फळी देवीचे वण उठावेत तशी झाली. सव्वीस वर्षं ज्याला दाराबाहेर अडवलं तेच माझ्या घरात आलं होतं.

मी वाळू दिलं, घासलं, पुन्हा मारलं. पुन्हा खड्डे. पुंजाराम आले, गिटार उजेडात तिरकी धरून त्यांनी पाहिली आणि काही न बोलता खाली ठेवली. ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. चांगल्या कारागिराला एवढं नुकसान दिसलं तर तो चार शब्द बोलेल की नाही? ज्याला माहीत असतं तोच गप्प बसतो. आणि चमेलीच्या तेलाचा वास शेडमध्ये भरून राहिला होता.

त्या रात्री मी कालिंदीला म्हणालो की हा माणूस मुद्दाम करतोय. लॅकर फसलं की शेवटी त्याच्याच पॉलिशकडे यावं लागेल, हा त्याचा डाव. ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही, एवढंच म्हणाली की तुम्हाला असं कुणाबद्दल वाटत नाही ते सांगा.

मग मी माझ्या पद्धतीने तपासाला लागलो. चपड्याच्या बाटलीला मागून चिकटपट्टी लावून आतल्या पातळीची रेघ मारली. शेडच्या कडीत दोऱ्याचा तुकडा अडकवला. दोरा दुसऱ्याच दिवशी नाहीसा झाला, पण तो कालिंदीने कचरा समजून केरात टाकला होता असं निघालं. रेघ मात्र खोटं बोलत नव्हती. कोजागिरीच्या आदल्या दिवशी चपडा रेघेच्या बोटभर खाली गेला होता. त्या दोन दिवसांत मी पुंजारामना कोणतंच काम सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या मित्रांना भेटायला वाळूजला चाललो असं सांगून निघालो, कोपऱ्यावरच्या टपरीवर तासभर चहा घेत बसलो आणि परत आलो. फाटक न वाजवता मागच्या बाजूने गेलो. शेडचं दार अर्धं उघडं होतं. आत पुंजाराम माझ्या गिटारवर बोळा फिरवत होते. आणि दारात कालिंदी उभी होती, हातात कपबशी, नजर गल्लीकडे. माझी बायको पहारा देत होती.

तिने मला पाहिलं आणि कपबशी खिडकीत ठेवली. मी तिला ओलांडून आत गेलो. कुणाला विचारून हात लावला, असं मी विचारलं. पुंजारामनी बोळा उचलला, डब्यात ठेवला, झाकण लावलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"इचारलं नाय, साहेब," ते म्हणाले. "खड्डे घासून चपड्याचे दोन हात मारलेत. चार दिवस वाळू द्या. मग तुमचं लॅकर मारून बघा."

मला सुचेल ते मी बोललो. तेलकट डोक्याने माझ्या शेडमध्ये आला, मेण असलेला चपडा वापरला, माझं काम नासवलं, आणि आता बायकोला हाताशी धरून वर आणखी थर देतोस, असं म्हणालो. सत्तरीच्या माणसाला मी "तू" म्हणत होतो. तुझ्यासारखी किती माणसं मी दारातून परत पाठवलीत, असंही म्हणालो. कालिंदीने दोनदा माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला.

पुंजारामनी टोपी घातली. बोळ्याचा डबा पिशवीत टाकला. बाटली उचलून मी तिला लावलेली चिकटपट्टी त्यांनी पाहिली, रेघ पाहिली, आणि बाटली परत फळीवर ठेवली.

"ही ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पोरीच्या गिटारला लागली तर."

ते गेले. कालिंदी स्वयंपाकघरात गेली आणि चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

चार दिवस मी थांबलो, कारण मला पुरावा हवा होता. खड्डे पुन्हा पडणार, त्याचे फोटो काढणार आणि कालिंदीपुढे ठेवणार. तिच्या त्या पुंजारामने काय केलंय ते तिला दिसू दे. गिटारच्या शेजारी नवरात्रापासून टांगलेली, लॅकर न लावलेली एक जादा पट्टी होती. तिच्यावर जुना चपडा होता, हे नवे दोन हात नव्हते. दोन्हींवर एकाच भांड्यातलं लॅकर मारलं आणि फोन हातात घेऊन उभा राहिलो.

पट्टीवर खड्डे पडले. गिटारवर एकही नाही. लॅकर पसरलं, बसलं, आणि शिसवाच्या रेषा पाण्याखालच्या दगडासारख्या स्पष्ट दिसायला लागल्या.

मला आनंद झाला नाही. खरं सांगायचं तर राग आला. माझा पुरावाच माझ्यावर उलटला होता. जे काही लाकडावर बसलं होतं ते पुंजारामच्या त्या दोन हातांनी खाली दाबून टाकलं होतं. चपडा घाण कोंडून धरतो, वरच्या थराला तिचा वारा लागू देत नाही, हे मी वाचलेलं होतं. मला माहीत होतं ते. मग घाण आणली कुणी?

मी कालिंदीला बोलावलं आणि दोन्ही दाखवलं. ती गिटारकडे बघत राहिली, मग पदराला हात पुसत स्टुलावर बसली. खंडेनवमीला अंगण धुतलेलं ओलं होतं, ती सांगू लागली, म्हणून तुम्ही मोटरसायकल शेडमध्ये घेतलीत. सीट आणि टाकी चमकायला गाडीच्या डॅशबोर्डचा तो फवारा मारलात, चांगला अर्धा डबा. गिटार बरोबर वर टांगलेली होती. पुंजारामभाऊ नारळ घेऊन दारात उभे होते, त्यांनी पाहिलं. पूजेच्या दिवशी कसं बोलायचं म्हणून ते गप्प राहिले. साहेब लोकांची टेबलं असल्याच फवाऱ्याने नासलेली त्यांनी आयुष्यभर निस्तरली होती. खड्डे पडल्यावर त्यांनी मला विचारलं, साहेबांना सांगू का?

"मग सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"मी नको म्हटलं," कालिंदी म्हणाली. "तुमची चूक तुम्हाला सांगितली की तुम्ही दुसऱ्याची शोधायला निघता. गिटार लाकडापर्यंत सोलली असतीत आणि दिवाळी गेली असती. ते म्हणाले, दोन हातांत काम होतं, साहेबांना कळायचं पण नाय. तुम्ही बाहेर गेलात की या, असं मीच सांगितलं त्यांना."

मी शेडच्या कोपऱ्यात पाहिलं. फवाऱ्याचा डबा रंध्यांच्या मागे उभा होता. सिलिकॉन असलेली कोणतीही वस्तू आत नेऊ नये, असा बोर्ड कारखान्याच्या दारावर मीच माझ्या अक्षरात लिहून लावला होता. त्याखालच्या यादीत हा फवारा पहिल्या नंबरला होता. सणाचा दिवस, पाटावर हत्यारं, हारफुलं, आणि माझं नाक जगाला हुंगत असताना माझ्या स्वतःच्या हातात तो डबा होता. मला माझी इतकी लाज वाटली की कालिंदीकडे बघवेना.

दिवाळी पाच दिवसांवर आली तेव्हा गिटारला तारा चढवल्या, पिशवीत घातली, पाठीला लावली आणि मोटरसायकलवरून पिशोरला निघालो. पुंजाराम भाचीकडे यायचे थांबले होते, फोन उचलत नव्हते. खुलताबादचा चढ, पुढे कन्नडचा रस्ता, सगळीकडे मक्याच्या ट्रॉल्या. वाटेत मी काय बोलायचं ते घोकत होतो. गिटार दाखवावी, काम छान झालं म्हणावं, पुढचीला या म्हणावं, म्हणजे बाकीचं त्यांना समजेल, असा माझा विचार होता.

ते घरापुढे मक्याची कणसं सोलत बसले होते. त्यांनी मला पाहिलं, पण बसा म्हणाले नाहीत. मी गिटार काढून पुढे केली. त्यांनी हात धोतराला नीट पुसले, तिला उन्हात तिरकी धरली, कडेवरून अंगठा फिरवला, पाठ पाहिली, पुन्हा वरची फळी पाहिली.

"बसलं," ते म्हणाले आणि गिटार परत दिली.

घोकलेलं सगळं संपलं होतं. ते पुन्हा कणसं सोलायला लागले. मी उभाच. मग माझ्या तोंडून ते दोन शब्द निघाले. "माझं चुकलं, पुंजारामभाऊ," मी म्हणालो. आवाज चमत्कारिक आला, पण आला. तो फवारा माझाच होता आणि मी तुम्हाला नाही नाही ते बोललो, हेही सांगितलं.

त्यांनी हातातलं कणीस पुरतं सोललं, टोपलीत टाकलं.

"तुमी मला बोलले, मी माझ्या गावाला निघून आलो," ते म्हणाले. "माझं काय, घर हाय, मका हाय. पोरीनं कुठं जायचं? तिचं गाव तेच की. बाईंनी सांगितलंय मला अंगठीचं."

गिटार देऊन ती परत येईल असं वाटलं, एवढंच मी म्हणालो.

"गिटार वाजवायला आसती, साहेब," पुंजाराम म्हणाले. "बोलायचं ते तोंडानं बोलावं लागतं."

पुढची गिटार करायला याल का, असं मी विचारलं. नाय, म्हणाले. आता शेतातच बघतो. रागाने नाही म्हणाले, पण पुन्हा विचारायची सोय त्यांनी ठेवली नाही. निघताना त्यांच्या सुनेने पाण्याचा तांब्या आणून दिला. पाणी प्यालो आणि बाहेर पडलो.

बाजाराच्या रस्त्याला मोटरसायकल उभी करून मी फोन काढला. हिमानीचा नंबर मी दोन वर्षांत लावला नव्हता. घंटा वाजत राहिली. ती उचलणार नाही असं वाटायला लागलं तेवढ्यात तिने उचलला.

"काय झालं बाबा?" ती म्हणाली. "आता काय हरवलं?"

टोमणा नव्हता तो. माझा फोन आला म्हणजे काहीतरी हरवलेलं असणार, हे ती अगदी साधेपणाने बोलली होती. काही हरवलं नाही, मी म्हणालो, आणि शेडमध्ये घडलं ते सगळं सांगितलं. फवारा, रेघ मारलेली बाटली, म्हाताऱ्या माणसाला बोललो ते शब्द, जसेच्या तसे. तिने मध्ये कुठेच तोडलं नाही. शेवटी मी म्हणालो की अंगठीच्या वेळीही माझंच चुकलं होतं, आणि ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

"हे मला नका सांगू," हिमानी म्हणाली. तिचा आवाज जड झाला होता. "ते खिसे माझे नव्हते. थांबा, तो इथेच आहे."

मी थांब म्हणणार होतो. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला, आणि ती हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

"हॅलो, काका," चिन्मय म्हणाला.

तो घाबरलेला होता, आवाजावरून कळत होतं. तिशीतला नोकरीतला माणूस, स्वतःच्या घरात, बायको शेजारी उभी, आणि माझ्याशी बोलताना त्याला घाम फुटला असावा. याने आता माझ्यावर कशाचा आळ घेतला, हेच तो आठवून बघत असणार. त्याला पुढचा शब्द उच्चारायला लागू नये म्हणून मी घाईने बोललो.

"चिन्मय," मी म्हणालो, "तू काहीच केलं नव्हतंस."